मेंडेलसोनला बोट लागली होती

७ ऑगस्ट १८२९ अशी तारीख घातलेलं एक पत्र आहे. वीस वर्षांच्या जर्मन संगीतकार फेलिक्स मेंडेलसोनने ते स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरून बर्लिनला घरी धाडलं. हेब्रिडीज बेटांनी आपल्यावर काय मोहिनी घातली हे शब्दांत सांगत बसण्याऐवजी त्याने सरळ स्वरलिपीच काढली. २१ बार, कुठे कुठलं वाद्य येणार याच्या खुणांसकट. पुढे 'हेब्रिडीज' किंवा 'फिंगल्स केव्ह' या नावांनी जगभर वाजत राहिलेल्या ओव्हर्चरचा, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या एका छोट्या रचनेचा, आरंभ तो हाच, जवळजवळ जसाच्या तसा. आता दुसरी तारीख पाहा. ज्या स्टाफा बेटाच्या पोटात ही फिंगलची गुहा आहे, तिथे मेंडेलसोन पोचला ८ ऑगस्टला.

म्हणजे सुरावट आधी आणि गुहा नंतर. तरीही गेली पावणेदोनशेहून अधिक वर्षं जाहिरातींत, पर्यटनाच्या पुस्तिकांत आणि कार्यक्रमांच्या निवेदनांत एकच गोष्ट सांगितली जाते: संगीतकार गुहेत शिरला, लाटांचा घुमणारा आवाज ऐकला आणि त्याला ही रचना सुचली. गोष्ट चांगली आहे, म्हणूनच ती मरत नाही. पण तिच्यामुळे एक गैरसमज पक्का झाला आहे. ही रचना 'खरी' समजायची तर त्या बेटावर पाय ठेवलाच पाहिजे, गुहेच्या आत उभं राहिलंच पाहिजे, असं लोकांना वाटतं. स्टाफावर किती माणसांनी उतरावं हा प्रश्न आज गंभीर झाला आहे, आणि त्याचं उत्तर द्यायला सुरुवात करायची तर ती या दोन तारखांपासून करावी लागते.

८ ऑगस्टला नेमकं काय झालं ते आपल्याला मेंडेलसोनकडून कळत नाही. ते लिहिलं त्याच्या सोबत्याने, कार्ल क्लिंगेमानने. कारण साधं आहे. मेंडेलसोनला बोट लागली होती. वाफेच्या बोटीवर एकामागून एक माणसं आडवी होत होती आणि त्यांत हा तरुण संगीतकारही होता. समुद्राशी याचं कलावंत म्हणून जितकं जमतं तितकं पोट असलेला माणूस म्हणून जमत नाही, अशी कोपरखळी क्लिंगेमानने मारून ठेवली आहे. लहान होड्यांतून त्यांना गुहेपाशी नेलं गेलं. काळ्या खांबांनी भरलेली ती गुहा क्लिंगेमानला एखाद्या अजस्र ऑर्गनच्या पोटासारखी वाटली. हा ऑर्गन म्हणजे आपल्या संगीत नाटकातला पायाने भाता मारायचा ऑर्गन नव्हे, तर चर्चच्या भिंतीएवढा, उभ्या नळ्यांचा. त्याच बोटीवर ब्याऐंशी वर्षांची एक म्हातारी होती. मरण्याआधी एकदा स्टाफा पाहायचं म्हणून ती निघाली होती आणि बॉयलरपाशी अंग शेकत बसली होती. ही म्हातारी लक्षात ठेवावी, पुढे लागेल.

एक गोष्ट इथेच मान्य केली पाहिजे. मेंडेलसोन काही एकांतात भटकणारा यात्रिक नव्हता. तिकीट काढून, ठरावीक मार्गाने जाणाऱ्या पर्यटन-बोटीत तो बसला होता. १७७२ साली निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्सने आइसलंडला जाताना वाटेत हे बेट पाहिलं, मोजलं आणि त्याचं वर्णन छापून आलं, तेव्हापासून इथली रीघ थांबलेली नाही. कवी कीट्स १८१८ मध्ये आला. चित्रकार टर्नर १८३१ मध्ये आला. १८३३ मध्ये वर्ड्सवर्थ येऊन गेला आणि एवढ्या गर्दीत कुणाला काही जाणवलं असेल का, अशी कवितेतून तक्रार करून गेला. १८४७ मध्ये व्हिक्टोरिया राणीची होडी थेट गुहेत वल्हवत नेली. तेव्हा 'पूर्वी इथे शांतता होती, आता सगळं बिघडलं' हे रडगाणं खोटं आहे. रसिकांनी जावं आणि बाकीच्यांनी जाऊ नये, असलं सोवळंही इथे चालणार नाही. गर्दीवर मर्यादा हवी असेल तर तिची कारणं जमिनीत, पायऱ्यांत आणि पक्ष्यांच्या बिळांत शोधावी लागतील.

तर आधी बेट. मल्ल या मोठ्या बेटाच्या पश्चिमेला सुमारे १० किलोमीटरवर, आयोनाच्या उत्तरेला, समुद्रातून वर आलेला हा काळा ठोकळा. लांबी सुमारे एक किलोमीटर, रुंदी त्याच्या निम्मी, क्षेत्रफळ ३३ हेक्टर, सर्वांत उंच जागा ४२ मीटर. इथे आज कुणीही राहत नाही. बेट १९८६ पासून नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या मालकीचं आहे आणि २००१ पासून राष्ट्रीय निसर्गराखीव क्षेत्र आहे.

महाराष्ट्रातल्या माणसाला या दगडाची ओळख करून द्यावी लागत नाही. हा बसाल्टच, आपल्या सह्याद्रीचाच भाऊबंद, फक्त पन्नास लाख ते कोटभर वर्षांनी धाकटा. आपल्याकडचे लाव्हाचे मुख्य थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी साठले, स्टाफाचा लाव्हा साडेपाच ते सहा कोटी वर्षांपूर्वीचा. जाड थर निवताना आकसतो. आटलेल्या तळ्यातला चिखल तडकतो तसाच तोही तडकतो. फरक इतकाच की इथल्या भेगा थंड होणाऱ्या पृष्ठभागापासून आत सरळ रेषेत उतरत जातात आणि दगडाचे उभे खांब तयार होतात. बहुतेक सहा बाजूंचे, काही पाच किंवा सात बाजूंचे. स्टाफाच्या कड्यात तीन मजले उघड दिसतात: तळाशी ज्वालामुखीच्या राखेचा ठिसूळ थर, मधे सरळसोट खांबांची रांग, वर वेडावाकडा, खांबांची शिस्त मोडलेला दगड. समुद्राने नेमका कमकुवत भाग गाठला, भेगांच्या रेषेने तो आत शिरत गेला आणि सुमारे ७० मीटर खोल, २० मीटर उंच घळ कोरली गेली. आपल्याकडे घारापुरीला याच जातीच्या दगडात माणसांनी छिन्नीने लेणी खोदली. इथे छिन्नी लाटेची होती. या घळीला जमिनीचा तळ नाही, ओहोटीलाही आत पाणी असतंच. लाट आत घुसते, शेवटच्या टोकाला हवा दाबली जाते आणि कमानदार छताखाली तो आवाज फिरत राहतो. गेलिक भाषेत हिचं नावच 'अन उआव विन', म्हणजे मंजुळ नादाची गुहा. फिंगल हे नाव बँक्सच्या वेळचं, तेव्हा ऑशन या प्राचीन कवीच्या नावावर गाजत असलेल्या काव्यातून, त्याच्या नायकावरून आलेलं. आधीच्या नावात आवाज होता, नंतरच्यात नायक आला. हा सौदा काही फार चांगला झाला नाही.

आता प्रत्यक्ष उतरणं. इथेच सगळी अडचण आहे आणि पुस्तिकांत ती कुणी नीट सांगत नाही.

ग्लासगोहून ओबनपर्यंत रेल्वेने साधारण तीन तास. ओबनहून मल्लवरच्या क्रेगन्यूअरपर्यंत फेरी पाऊण तासाच्या आसपास. तिथून फिनफोर्टपर्यंत सुमारे ६० किलोमीटरचा एकपदरी रस्ता. समोरून गाडी आली की दर काही अंतरावर केलेल्या खाचेत थांबून वाट द्यायची. सव्वा तास तरी लागतोच. फिनफोर्ट किंवा आयोनाहून लहान बोट निघते आणि पाऊण तासात स्टाफाला पोचते. सगळी फेरी तीन तासांची, त्यात बेटावर साधारण तास. टोबरमोरी, उल्वा आणि ओबनहूनही बोटी जातात. हंगाम एप्रिल ते ऑक्टोबर.

बोट पूर्वेकडच्या धक्क्याला लागते. पश्चिमेचा वारा तिथे अडतो, पण दूरवरून येणारी अटलांटिकची लांब लाट बेटाला वळसा घालून तिथेही पोचते. वरून ऊन आहे, वारा नाही, तरी उतरवणं रद्द होतं आणि प्रवासी चिडतात, त्याचं कारण हे. वारा थांबला तरी लाट एक-दोन दिवस येत राहते. धक्क्यापाशी बोट वरखाली होत असते. बोट वर येऊन क्षणभर थबकते तेव्हाच पाय टाकायचा, खाली जाताना कधीही नाही. दोन्ही हात मोकळे हवेत, पिशवी पाठीवर हवी, कॅमेरा गळ्यात लोंबकळता नको. उडी मारायची नाही. खलाशी हात देतो तो कोपरापाशी धरायचा. एका माणसाला दहा सेकंद धरले तरी साठ माणसं उतरायला दहा मिनिटं लागतात आणि परत चढायला तेवढीच. म्हणजे जाहिरातीतल्या तासाची चाळीस मिनिटं होतात.

या चाळीस मिनिटांत दोन दिशा. एक दक्षिणेला, गुहेकडे. तुटलेल्या खांबांच्या माथ्यांवरून जाणारी वाट, एका बाजूला कड्यात ठोकलेला कठडा, दुसऱ्या बाजूला समुद्र. प्रत्येक खांब वेगळ्या उंचीवर तुटलेला, त्यामुळे प्रत्येक पाऊल वेगळं. भरतीची लाट जिथवर येते तिथवर हिरवं शेवाळ. गुळगुळीत तळव्याचा बूट घातलेला माणूस इथे घसरतोच. वाट इतकी अरुंद की जाणारे आणि येणारे समोरासमोर आले की कुणीतरी कठडा सोडून समुद्राच्या बाजूला उभं राहावं लागतं. हिवाळी वादळांत कठडा आणि वाट दोन्हींची मोडतोड होते, मग दुरुस्ती होईपर्यंत गुहेचा रस्ता बंद ठेवावा लागतो. दुसरी दिशा उभ्या पायऱ्यांनी वर, गवताळ पठारावर आणि तिथून उत्तरेकडे पफिन पक्ष्यांच्या वसाहतीपाशी. दोन्ही करायचं म्हणून धावणारे बहुतेक लोक दोन्ही अर्धवट पाहतात. बेटावर ना शौचालय, ना पिण्याचं पाणी, ना पावसात उभं राहायला छप्पर.

पन्नास-साठ माणसांची एक बोट हे बेट सहज पेलतं. दोन-तीन बोटी मागेपुढे आल्या की गणित बिघडतं, आणि ते बिघडतं बेटाच्या ३३ हेक्टरांवर नव्हे तर वाटेच्या त्या एका मीटरवर. बेट मोठं आहे, मग गर्दी कशी होईल, असा युक्तिवाद करणारे ही जागा विसरतात. पठारावर दुसरी अडचण. पफिन मऊ मातीत हातभर लांब बीळ करून एकच अंडं घालतात. सुमारे सहा आठवडे उबवायचं, पुढचे सहा आठवडे पिल्लाला भरवायचं. बिळाचं छत म्हणजे वरचा गवताचा थर. सुक्या दिवसांत तो तग धरतो, पावसात भिजल्यावर त्यावर माणूस उभा राहिला की खचतो. आत पिल्लू असतं. फोटोसाठी दोन पावलं पुढे सरकणाऱ्याला खाली काय आहे ते दिसत नाही, म्हणून त्याला खलनायक ठरवण्यात अर्थ नाही. त्याला तिथवर जाऊच न देणारी दोरी आणि दोरीपाशी उभा माणूस हवा.

आता विरुद्ध बाजू, कारण ती पोकळ नाही. या भागातले नावाडी सांगतात की माणसं आली की पफिन समुद्रावरून बेटावर परततात, कारण माणसांना बिचकून मोठे कुरव आणि शिकारी पक्षी दूर राहतात. यात तथ्य असू शकतं. माणसं शांत बसली तर पफिन दोन हातांवर येतात. शिवाय पफिनचं खरं संकट पर्यटक नव्हेच. ते समुद्रात आहे, सँडईल या लहान माशाच्या घटीत. स्कॉटलंडने २०२४ मध्ये आपल्या पाण्यात सँडईलची मासेमारी बंद केली, तो निर्णय पफिनसाठी कुठल्याही पर्यटन-नियमापेक्षा मोलाचा आहे. पण आधीच उपाशी असलेल्या पक्ष्याच्या बिळावर पाय पडू देणं यातून समर्थनीय ठरत नाही. मग उंदीर आहेत. बोटीतून किंवा सामानातून गाभण उंदरीण एकदा बेटावर उतरली की संपलं. कॅना आणि शियंट बेटांवरून उंदीर हटवायला मोठ्या मोहिमा काढाव्या लागल्या. शियंट उंदीरमुक्त झाल्याचं २०१८ मध्ये जाहीर झालं. २०२२ मध्ये पक्ष्यांतल्या फ्लूमुळे स्कॉटलंडच्या २३ बेटांवर उतरणं थांबवलं गेलं, तेव्हा बंदी घालता येते हे सगळ्यांना कळलं. पुरेसं कारण दिलं की लोक ऐकतातही.

ट्रस्टने अलीकडे स्टाफाचा धक्का वाढवण्याचं आणि पायऱ्या सुधारण्याचं काम हाती घेतलं, त्यासाठी काही काळ उतरणं बंदही राहिलं. यावर दोन तट पडतात. धक्का सुधारला की गर्दी वाढणार, म्हणून तो जुनाच बरा, असं एका तटाचं म्हणणं. हे क्रूर आहे. निसरड्या पायऱ्या हा गर्दी आवरण्याचा उपाय होऊ शकत नाही. त्यात आधी पडतात ते म्हातारे आणि लहान मुलं, तगडे लोक उड्या मारत पार होतात. दुसरा तट म्हणतो, धक्का झाला, आता खुशाल येऊ द्या. हेही चुकीचं, कारण धक्का रुंद झाल्याने गुहेची वाट रुंद होत नाही. उलट माणसं तिथे जास्त वेगाने पोचतात आणि जास्त दाटीने अडकतात. सुरक्षित धक्का आणि माणसांवर मर्यादा या दोन्ही गोष्टी एकत्रच यायला हव्यात. एक केली आणि दुसरी टाळली तर न केलेली बरी.

मर्यादा कशी घालायची? स्कॉटलंडचा २००३ चा जमीन सुधारणा कायदा प्रत्येकाला जबाबदारीने जवळजवळ कुठेही पायी फिरण्याचा हक्क देतो. हा कायदा चांगला आहे आणि स्टाफासाठी त्याला भोक पाडू नये. बेटाला कुंपण आणि तिकीटघर लावायची गरजच नाही, कारण तिथे कुणी चालत येत नाही. जवळजवळ सगळे जण बोटीने, एकाच धक्क्यावर, मोजक्या नावाड्यांकडून येतात. इतकं सोपं नियंत्रण जगात फार कमी ठिकाणी मिळतं. आपल्या गडावर पावसाळी शनिवारी चार वाटांनी माणसं चढतात तसं इथे नाही. नावाडी आणि ट्रस्ट यांनी मिळून उतरण्याच्या पाळ्या ठरवाव्यात. मोजायचं ते दिवसाच्या बोटींना नव्हे, तर एका वेळी बेटावर असलेल्या माणसांना, आणि आकडा काढायचा तो गुहेच्या वाटेवरून. कठड्याच्या सर्वांत अरुंद भागात दोन माणसं धोका न पत्करता एकमेकांना ओलांडतात का हे पाहायचं. ओलांडत नसतील तर आधी एका गटाने आत जायचं, मग दुसऱ्याने. एखाद्या जुन्या गडाच्या चोरदरवाजाशी गाइड करतो तेच हे काम. हंगामभर पठारावर एक रक्षक कायम हवा. तिकिटातला ठरावीक वाटा वेगळा काढून पायऱ्या, कठडा आणि पक्षीगणनेवरच खर्च व्हावा. २०२४ च्या स्कॉटिश कायद्याने पर्यटकांवर जो कर बसवायची मुभा दिली आहे तो मुक्कामाच्या बिलावर आहे, आणि स्टाफावर मुक्काम कुणीच करत नाही. मल्लवर राहिलेल्या माणसाकडून कर गोळा झाला तरी तो स्टाफाच्या कठड्यापर्यंत पोचेल याची खात्री नाही.

या सगळ्याने नावाड्यांचं उत्पन्न घटेल, असा आक्षेप येतो. काही प्रमाणात घटेल, हे नाकारण्यात अर्थ नाही. मल्लवर तीन हजारांच्या आसपास वस्ती, आयोनावर जेमतेम दोनशेच्या आत. हंगामाचे सात महिने हीच कमाई. म्हणूनच न उतरता बेटाला फेरी घालणाऱ्या सहलीला दुय्यम समजणं थांबवलं पाहिजे. आज 'उतरलो नाही' म्हणजे 'पैसे बुडाले' असं मानलं जातं, आणि हे मानायला लावणारा तो जुना गैरसमज आहे, ज्याची तारीखच एक दिवसाने चुकलेली आहे.

समुद्रावरून पाहिलेला स्टाफा उणा कसा? त्या ७ तारखेला मेंडेलसोन ओबनजवळ होता. त्याने डनॉली किल्ल्यासह समोरच्या बेटांचं रेखाचित्र काढलं, ते आजही आहे. चित्रात झाड, किल्ला, पाणी आणि पलीकडे मल्ल व मॉर्व्हनच्या रेषा. त्याच दिवसाच्या सुरावटीतही तेच आहे. बासून हे फुंकवाद्य, व्हायोला आणि चेलो मिळून एक छोटी उतरती आकृती वाजवतात आणि पुन्हा पुन्हा वाजवतात. दोन बार बी मायनरमध्ये, दोन डी मेजरमध्ये, दोन एफ शार्प मायनरमध्ये. आकृती बदलत नाही, खालचा रंग बदलत जातो, वर व्हायोलिनचे लांब स्वर क्षितिजासारखे धरलेले. बोटीच्या कठड्याशी उभं राहून तासभर लाटा पाहणाऱ्याला हे ओळखू येतं. प्रत्येक लाट तीच आणि तरी नाही. गुहेतला आवाज असा नाही. तो आदळतो, दबतो, घुमतो. या रचनेत वादळ आहे, पण बंद जागेचा घुमारा नाही.

रचनेच्या नावांचा इतिहासही हेच सांगतो. १८३० च्या डिसेंबरात रोममध्ये पहिला खर्डा पुरा झाला तेव्हा नाव होतं 'एकाकी बेट'. मेंडेलसोन त्यावर खूश नव्हता. मधल्या भागाला व्हेलचं तेल, कुरव आणि खारवलेल्या माशापेक्षा काउंटरपॉइंटचाच, म्हणजे सुरावटीत सुरावट गुंफण्याच्या शास्त्राचाच, वास जास्त येतो, असं त्याने १८३२ च्या जानेवारीत पॅरिसहून बहिणीला, फॅनीला लिहिलं. संगीतकाराने स्वतःवर केलेली याहून नेमकी टीका क्वचित सापडेल. मग त्याने तो भाग बदलला. १४ मे १८३२ ला लंडनमध्ये पहिला प्रयोग झाला तेव्हा नाव 'फिंगलची बेटं' अशा थाटाचं होतं. छापताना वादकांच्या प्रतींवर 'हेब्रिडीज' आणि संपूर्ण स्कोअरवर 'फिंगलची गुहा' असं गेलं, आणि दोन्ही नावं आजतागायत चालू आहेत. गुहेचं नाव जास्त विकाऊ होतं, बाकी काही नाही. त्याच १८३२ साली लंडनमध्ये टर्नरचं स्टाफाचं चित्र प्रदर्शनात लागलं. त्यात पुढ्यात धूर सोडणारी बोट आहे, उसळता समुद्र आहे आणि बेटाचा कडा धुक्यात पुसट झाला आहे. चित्राच्या नावात गुहा आहे, चित्रात ती शोधावी लागते. या बेटाशी जोडलेल्या दोन सर्वांत मोठ्या कलाकृतींत गुहेपेक्षा समुद्रच मोठा आहे, हा योगायोग नसावा.

म्हणून फेरीच्या सहलीला पुरं वजन द्यावं आणि ती नीट आखावी. बोट दक्षिणेकडून यावी, म्हणजे गुहेचं तोंड समोर येतं. लाट परवानगी देईल तितकं जवळ जाऊन इंजिन मंद करावं, शक्य असेल तर बंद करून दहा मिनिटं बोट तरंगू द्यावी. या दहा मिनिटांत ध्वनिक्षेपकावर मेंडेलसोन लावण्याची हौस आवरावी. ज्या गुहेला लोकांनी नादावरून नाव दिलं तिच्या दारात रेकॉर्ड लावणं म्हणजे गवयासमोर त्याचीच कॅसेट वाजवण्यासारखं. रचना ऐकायचीच तर येताना ऐकावी, ती जेमतेम दहा मिनिटांची आहे. मग बेटाच्या कडेने क्लॅमशेल गुहेपर्यंत जावं, तिथे खांब जहाजाच्या फासळ्यांसारखे वाकलेले आहेत. ही सहल पायऱ्या न चढता होते. गुडघे गेलेल्यांना, लहान बाळ कडेवर असलेल्यांना, क्लिंगेमानच्या त्या ब्याऐंशी वर्षांच्या म्हातारीलाही. सर्वांना सारखं पाहता यावं हा मुद्दा खरा असेल तर त्याचं उत्तर उतरण्याच्या हट्टात नसून या बोटीत आहे.

उतरणाऱ्यांनी एक गोष्ट करू नये, ती म्हणजे खांबांच्या भेगांत नाणी खोचणं. उत्तर आयर्लंडच्या जायंट्स कॉजवेला, याच प्रकारच्या खांबांवर, ही खोड इतकी वाढली की नाणी काढायला कारागीर लावावे लागले. नाणं खाऱ्या हवेत गंजतं, फुगतं आणि दगडाचा टवका उडवतं, शिवाय गंजाचे ओघळ खांबावर उतरतात. कोट्यवधी वर्षं टिकलेली भेग चार आण्याने रुंद होते.

दगड टिकाऊ दिसतो म्हणून तो टिकतोच असं नाही, हे मुंबईकराला अंधेरीत जाऊन पाहता येतं. गिल्बर्ट हिल हा ६१ मीटर उंचीचा, स्टाफासारखाच उभ्या खांबांचा बसाल्टचा सुळका. एकेकाळी मोठ्या कातळाचा भाग होता. भोवतीचा दगड खाणीत गेला. १९५२ मध्ये संरक्षण मिळालं, २००७ मध्ये महापालिकेच्या वारसा यादीत दुसऱ्या श्रेणीत नाव आलं. आज तो वस्त्या आणि इमारतींनी पायथ्यापर्यंत वेढलेला आहे. तिथे समुद्राची लाट नाही, बोट नाही, धक्का नाही, त्यामुळे अडवायलाही काही नव्हतं. स्टाफाच्या बाबतीत लाट हा मोठा पहारेकरी आहे, पण तो उन्हाळ्यात रजेवर जातो आणि नेमके ते दिवस जून-जुलैचे, पफिनच्या पिल्लांचे असतात.

जायचंच ठरवलं असेल तर एवढं पाहावं. पफिन हवे असतील तर मे ते जुलै. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ते समुद्रावर निघून जातात. ८ ऑगस्टला गेलेल्या मेंडेलसोनलाही बहुधा ते भेटले नसणार. फक्त गुहा हवी असेल तर सप्टेंबर बरा, गर्दी कमी. मल्लला गाडी न्यायची असेल तर फेरीवरची जागा कित्येक आठवडे आधी घ्यावी, आणि ती घेताना याच फेरीवर मल्लच्या रहिवाशालाही दवाखान्यासाठी ओबनला जायचं असतं हे ध्यानात ठेवावं. बसने जाणं जास्त शहाणपणाचं. बोट लागण्याची गोळी निघण्याआधी तासभर घ्यावी, लागल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. बसायचं बोटीच्या मागच्या भागात, नजर क्षितिजावर, मोबाइल खिशात. हाताशी एकच दिवस असेल तर उतरण्याचा बेत करू नये, लाट मानली नाही तर सगळा दिवस रुसण्यात जातो. दोन-तीन दिवस मल्ल किंवा आयोनावर राहावं आणि नावाडी म्हणेल त्या दिवशी निघावं. तिकीट काढताना विचारून घ्यावं: उतरवता आलं नाही तर फेरी होणार का, गुहेसमोर बोट किती वेळ थांबणार, पैसे किती परत मिळणार. नावाड्यांनीही हे तिकिटावरच ठळक छापावं, आणि 'उतरणे समुद्रावर अवलंबून' ही ओळ तळाशी बारीक अक्षरांत न घालता सर्वांत वर घालावी.